आज रात्री कठड्यावर एकही कुंडी नको

ए-१०४ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. हवामान खात्याने उद्यासाठी ऑरेंज अलर्ट दिला आहे, वारे ताशी ५० ते ६० किमी. ग्रिलवरच्या, कठड्यावरच्या कुंड्या आज रात्री १० पर्यंत उतरवून घ्या. खाली मुलं खेळतात.

बी-३०२: काका, ४० कुंड्या हॉलमध्ये कुठे ठेवू? मी सगळ्या ग्रिलला तारेने बांधल्यात, हलणार नाहीत.

सी-७०१: तारेचा भरवसा धरू नकोस गं. तौक्ते चक्रीवादळाच्या दिवशी, १७ मे २०२१ ला, कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला होता. माझी मोगऱ्याची कुंडी अशीच बांधलेली होती. तार काठासकट ग्रिललाच राहिली आणि बाकीची कुंडी ओल्या मातीसकट खाली उभ्या गाडीच्या टपावर गेली. त्या जागी कोणी उभं असतं तर? हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.
आत नको घेऊस. बाल्कनीतच खाली ठेव, घराच्या भिंतीला लागून, एकमेकींना खेटून. जड कुंड्या बाहेरच्या बाजूला, हलक्या मध्ये. उंच झाडं आत्ताच आडवी करून ठेव. वाऱ्याने पाडली तर खोड मोडतं, आपण निजवली तर एक-दोन दिवसांत काही बिघडत नाही.

बी-३०२: हो काकू, जेवणं झाली की लागतो कामाला. ह्यांनाही उठवते.

डी-५०४: गच्चीवरच्या मिरच्या आणि पडवळाच्या मांडवाचं काय करू? ताडपत्री आणलीय, घट्ट गुंडाळतो.

सी-७०१: दादा, ताडपत्री मुळीच नको. वारा भरला की ती शिडासारखी फुगते आणि मांडव उचलून नेते. हिरवी जाळीसुद्धा उतरवून घडी करून ठेवा, नुसता सांगाडा राहू दे. वाऱ्याला आरपार जायला वाट हवी. तयार पडवळं आजच काढा. मिरचीला काठी द्या, पण सुतळीने आवळू नका. जुन्या सुती साडीची चिंधी काठी आणि खोडाभोवती इंग्रजी आठासारखी फिरवा. खोडाला थोडं डुलता आलं पाहिजे, नाहीतर बांधलेल्या जागीच मोडतं.

ए-१०४ (सेक्रेटरी): गच्चीवर जाणाऱ्यांनी पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं बघा. पाला अडकला की पाणी लिफ्टच्या खोलीत शिरतं.

सी-७०१: आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढा सगळ्यांनी. भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा. वाऱ्यातून वाचलेली झाडं पुढे मुळाशी पाणी साचून मरतात, ते जास्त वाईट.

ए-२०३: काकू, खाली बागेतली पपई फळांनी लगडलीय. वाचेल का?

सी-७०१: खोड पोकळ असतं तिचं, शेंडा जड झाला की कोसळते. मोठी फळं उतरवा, खालची पानं छाटा, शेंड्याची चार-पाच ठेवा. जीव तुटतो फळं काढताना, मला माहीत आहे.
माझं माहेर श्रीवर्धनचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतली रोठा जातीच्या सुपारीची झाडं मध्यावर मोडली, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. वहिनी फोनवर रडत नव्हती, नुसती सांगत होती की सावलीच गेली, आता खालचं जायफळ आणि मिरी उन्हाने करपणार. सुपारी नव्याने लावली तरी फळाला पाच-सहा वर्षं जातात. तिथे कोणाच्या हातात काही नव्हतं. आपल्या हातात आज संध्याकाळ आहे, म्हणून एवढी मागे लागलेय.

(दुसऱ्या दिवशी रात्री)

ए-१०४ (सेक्रेटरी): वारा उतरला. एकही कुंडी खाली आली नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

बी-३०२: काकू, कुंड्या शाबूत आहेत, पण जास्वंदीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. बोट लावून चाखलं तर खारट!

सी-७०१: समुद्रावरचं मीठ आहे ते. वारा जास्त आणि पाऊस कमी झाला की पानांवर तसंच राहतं. नळाच्या पाण्याने पानं वरून-खालून धू, कुंडीत खालून भरपूर पाणी निघेपर्यंत ओत. करपलेली पानं आत्ताच ओरबाडू नकोस. पंधरा दिवस खत नको, नवी पालवी दिसू दे.

डी-५०४: मांडव उभा आहे! शेवग्याची एक फांदी मात्र फाटली.

सी-७०१: दादा, लोंबती ठेवू नका. धारदार कोयत्याने तिरका, साफ काप घ्या आणि तिथे बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे कालवायचे, मग एकत्र करायचे. मी सकाळी करणारच आहे. ज्यांना हवी त्यांनी नऊपर्यंत प्लास्टिकचा डबा घेऊन या, लोखंडी नको. मुलांचा हात लागू देऊ नका.

ए-२०३: काकू, मी येते. पपई घेऊन येते, दोन पिकायला लागल्यात.