पर्यावरणशास्त्रात संशोधनासह ऑनर्स करावं का? विषय सुचवा (सोलापूर)

कडक_भाकरी:
नमस्कार मंडळी. बीएस्सी पर्यावरणशास्त्र, तिसरं वर्ष, पाचवं सेमिस्टर चालू आहे. सीजीपीए ७.६ च्या आसपास. चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात, तीन वर्षांची डिग्री घे आणि बँकेच्या परीक्षांना लाग. हे वर्ष वाया तर जाणार नाही ना? आणि प्रोजेक्टला विषय कुठला घेऊ? मनात नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी आहे. गाडी नाही, एसटी आणि सिटी बसवर भागवते.

शेंगाचटणी:
वाया कसं जाईल ओ? चार वर्षांच्या डिग्रीनंतर एमएस्सी एकाच वर्षाची. ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशालाही पात्र ठरता, यूजीसीचा २०२२ चा नियम आहे. पण आधी सहावं सेमिस्टर सांभाळा. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के, म्हणजे ७.५ सीजीपीए लागतो. ७.६ म्हणजे एक पेपर वाकडा गेला की संपलं. तसं झालं तरी साधा ऑनर्स आहेच, त्यात प्रोजेक्टच्या १२ क्रेडिटऐवजी जादा पेपर असतात.
आणि तुमच्या कॉलेजला चौथं वर्ष संशोधनासह मिळालंय का, ते उद्याच ऑफिसात विचारा. सगळीकडे नाहीये.

भीमाकाठ:
माळढोक डोक्यातून काढ, बाळा. अभयारण्य १९७९ चं, एकेकाळी देशभर नाव होतं, पण आता तिथं पक्षी दिसणं नशिबाची गोष्ट. दोन सेमिस्टरचं काम नशिबावर टाकतात का? शिवाय वनखात्याची परवानगी हातात येईपर्यंत सातवं सेमिस्टर निम्मं सरलेलं असतं.

तुला अशी जागा हवी, जिथं दर पंधरवड्याला बसने जाऊन, नमुना घेऊन दुपारच्या आत लॅबला पोचता येईल. सिद्धेश्वर तलाव घे. चौथ्या वर्षात पावसाळा सातव्या सेमिस्टरला आणि सिद्धेश्वराची संक्रांतीची गड्डा यात्रा आठव्याला येते, दोन्ही आपोआप पदरात पडतात. तुलनेला संभाजी तलाव. मात्र 'सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याचा अभ्यास' असलं शीर्षक नको. गाइड मान्य करतील, व्हायव्हात बाहेरचे परीक्षक फाडून खातील. प्रश्न विचार: यात्रेनंतर पाण्यातला ऑक्सिजन किती उतरतो आणि पूर्ववत व्हायला किती आठवडे लागतात? यासाठी डिसेंबरपासूनचे आकडे हाताशी हवेत, यात्रा झाल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

आता कामाचं. विरघळलेला ऑक्सिजन काठावरच 'फिक्स' करायचा, म्हणजे रसायन घालून आहे तेवढाच बांधून ठेवायचा. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता भरायची, मँगेनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घालून उलटसुलट करायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप; त्याची बाटली आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. म्हणजे गुरुवारी नमुना घेतलास तर रीडिंग रविवारी, आणि रविवारी लॅबला कुलूप. सोमवार किंवा मंगळवारच धर. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघ, नाहीतर लाइट गेली की तीन दिवसांचं काम पाण्यात.

टॉवेलवाला_दाजी:
तलाव तलाव काय करताय बे, सोलापूरचा खरा विषय म्हणजे चादर-टॉवेलच्या डाइंगचं पाणी. रंग डोळ्यांनी दिसतो, लोकांना पटतो.

भीमाकाठ:
दाजी, विषय सोन्यासारखा आहे. पण युनिटच्या आत पोरीला कोण घेणार? बाहेर नाल्यात नमुना घेतला तर त्यात घरांचं सांडपाणीही आलं. रंग कुठल्या युनिटचा, हे ती कशावरून सांगणार? एखादा मालक लेखी परवानगी देत असेल तर मीच म्हणेन, हाच घे.

टॉवेलवाला_दाजी:
आमच्या ओळखीत एक जण आहे, विचारून बघतो. पण भरवसा नाही, 'प्रदूषण' शब्द ऐकला की लोक फोन ठेवतात.

कडक_भाकरी:
धन्यवाद सगळ्यांना. तलावच पक्का करते, दाजींकडून काही कळलं तर बघू. गाइडचं काय करू? एक सर खूप नावाजलेले आहेत पण सारखे दौऱ्यावर. दुसऱ्या मॅडम नवीन आहेत, दिवसभर लॅबमध्येच असतात.

शेंगाचटणी:
मॅडम. विचारायची गोष्टच नाही ती.

भीमाकाठ:
मॅडमच. सरांकडे मसुदा वाचायला दे, तेवढ्याला ते नाही म्हणणार नाहीत. मॅडमना आत्ताच भेटून थायोसल्फेट (ऑक्सिजन मोजायला लागणारं रसायन) आणि बीओडीच्या बाटल्या किती आहेत ते विचार, कमी असतील तर मागणी याच वर्षीच्या खरेदीत टाकून घे. आणि घरच्यांना सांग, पदवी लागणाऱ्या बँकेच्या परीक्षांना तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलीस तरीही बसता येतं, तीन वर्षांची पदवी कुठं पळून जात नाही.