'शाळा' वाचून कोण आठवलं? लिहा बिनधास्त

निवांत_पाटी: लेक नववीत गेली म्हणून तिच्या हातात मिलिंद बोकिलांची 'शाळा' कादंबरी दिली, नववीतल्या जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते ती. दोन दिवसांनी विचारते, "आई, हा जोशी शिरोडकरला मेसेज का करत नाही?" म्हटलं बाई गं, १९७५-७६ चा काळ आहे, आणीबाणीचा. तर म्हणे, मग चिठ्ठी तरी द्यायची! तेव्हापासून माझ्या वर्गातली सगळी आडनावं डोक्यात नाचताहेत. आम्ही मुलांना आडनावानेच ओळखायचो, तेही आम्हाला तसंच. तुमच्या आठवणी येऊ द्या. आधी कुणी लिहिलं असेल तरी चालेल.

बाकावरचा: मी मॉनिटर. गृहपाठाच्या वह्या गोळा करून स्टाफरूममध्ये न्यायच्या. गठ्ठा लावताना माझी वही बरोब्बर तिच्या वहीखाली. खाकी कव्हर, लेबलवर तिचं वळणदार अक्षर. वर्षभराचा रोमान्स एवढाच. 😄

चिंचगोळी: हे सगळं मुलांच्या बाजूने झालं. पुस्तकातही शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते जोशीला दिसतं तेवढंच आपल्याला. आम्हाला सगळं कळायचं बरं! कोण कुठल्या कोपऱ्यावर उभा राहतो, कुणाचा मित्र उगाच मोठ्याने हसतो. पण एक चिठ्ठी दप्तरात सापडली तर क्लास बंद, शाळेला न्यायला-आणायला भाऊ. मुलांना फार तर दोन फटके. माझा क्लास असाच सुटला, चिठ्ठी लिहिणारा मजेत पास झाला. थांबा, कुकर.

बाकावरचा: @चिंचगोळी हे वाचून जरा गप्पच झालो.

जुना_मॅट्रिक: मी त्याच काळात नववीत होतो. अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीचा पॅटर्न नुकता आलेला, त्यामुळे घरी सगळा घोर मार्कांचा. भिंतींवर 'बातें कम, काम ज्यादा'. मोठी माणसं राजकारणाचं बोलताना आवाज खाली आणायची आणि आम्हाला वाटायचं आपलंच काहीतरी कळलंय. पुस्तकात आणीबाणी मागे कुठेतरी चालू राहते ना, तशीच होती ती आमच्यासाठी. मार्च ७७ च्या निवडणुकीला मात्र घसा बसेपर्यंत ओरडलो. विषयांतर झालं, असो.

सायडर: मी सिनेमा आधी पाहिला, २०१२ मध्ये. आता पुस्तक वाचताना शिरोडकर म्हणजे केतकी माटेगावकरच दिसते, इलाज नाही. पण जोशीचे मित्र सुऱ्या, चित्रे, फावड्या पुस्तकातच जास्त भेटतात. आणि त्यांचा अड्डा, ती बांधकाम अर्धवट राहिलेली इमारत! टोळीला अशी एक जागा लागतेच. आमची पाण्याच्या टाकीखाली होती.

मागचा_बेंच: प्रेमाबिमाचं मला फार काही नाही. माझा सगळ्यात जवळचा मित्र नववीत नापास झाला. जूनमध्ये आम्ही दहावीच्या वर्गात, तो खाली परत त्याच बाकावर. मधल्या सुट्टीत पहिले काही दिवस आला, उभा राहून डबा खायचा, बसायचा नाही. मग यायचा बंद झाला. भांडण नाही, काही नाही. रस्त्यात दिसला की दोघंही चपलेचा अंगठा बघत पुढे. 'शाळा'चा शेवट वाचताना लोकांना शिरोडकर आठवते, मला तो आठवतो.

निवांत_पाटी: @मागचा_बेंच शोधा ना त्याला!

मागचा_बेंच: शाळेच्या ग्रुपवर आहे. रोज गुड मॉर्निंग पाठवतो. मीही पाठवतो.

चिंचगोळी: कुकर झाला. @बाकावरचा वहीचं पुढे काय झालं?

बाकावरचा: सर गठ्ठा उलटा करून तपासायचे. परत येताना तिची वही कुणा तिसऱ्याच्याच खाली!

जुना_मॅट्रिक: 😂😂 'शाळा'च्या मौज प्रकाशनाच्या नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ तेच आहे का? माझी प्रत मेव्हण्याने नेली, देत नाही.

सायडर: काका, नेलेलं 'शाळा' कुणी परत देत नाही. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही दुसऱ्यांची.