नावातलं अलियान्झ गेलं, आता आमच्या पॉलिसीचं काय?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. बाबांची बजाज अलियान्झची लाईफ पॉलिसी आहे, बरीच जुनी, हप्ते अजून चालू आहेत. यंदाची पावती आली तर त्यावर नुसतं बजाज लाईफ, जुन्या बाँडवर नावाशेजारी गोलात गरुड होता तो पण नाही. गावातला एक एजंट बाबांना म्हणायलाय की जर्मन कंपनी पैसे घेऊन निघाली, आता कुणाचा भरवसा नाही, ही मोडा आणि मी दुसरीकडं चांगली काढून देतो. बाबांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. ही अलियान्झ नेमकी कोण, इथं कशी आली, का चालली, अन् आमचे पैसे तिच्यासोबत जाणार का? कुणीतरी नीट सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय.

गोदाकाठ (नांदेड)
दादा, आधी एवढंच सांगा बाबांना की सही करू नका. बाकीचं निवांत वाचा.

अलियान्झ १८९० सालची, बर्लिनमध्ये सुरू झाली. कार्ल थीमे आणि विल्हेल्म फिंक या दोघांनी काढली, फिंक बँकवाला आणि थीमेनं त्याआधी १८८० मध्येच म्युनिक री उभी केली होती, म्हणजे विमा कंपन्यांनाच विमा देणारी कंपनी. सुरुवात अपघात आणि मालवाहतुकीच्या विम्यापासून, तीनच वर्षांत लंडनला शाखा. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्यालय म्युनिकला नेलं. पुढं इटलीतली रास, फ्रान्समधली एजीएफ, अमेरिकेतली फायरमन्स फंड अशा मोठ्या कंपन्या घेत घेत वाढली. आज सत्तरएक देशांत काम आहे.

आपल्याकडं १९५६ ला लाईफ आणि १९७२-७३ ला जनरल विमा सरकारी झाला, त्यामुळं परदेशी कंपन्यांना दारच बंद होतं. १९९९ चा कायदा आला तेव्हा दार उघडलं, पण परदेशी भागीदाराला २६ टक्क्यांपर्यंतच. म्हणून २००१ मध्ये पुण्याच्या बजाजनं ७४ आणि अलियान्झनं २६ असं मिळून दोन कंपन्या काढल्या, एक लाईफ, एक जनरल. नंतर मर्यादा ४९ झाली, २०२१ ला ७४ झाली, तरी अलियान्झचा हिस्सा २६ वरच अडकला, कारण बजाज स्वतःचा हिस्सा सोडायला तयार नव्हता. जगभर ज्या कंपनीला लगाम आपल्या हातात लागतो ती चोवीस वर्षं २६ वर बसून राहिली, हेच मला तर जास्त वाटतं. शेवटी मार्च २०२५ मध्ये करार झाला, बजाज गटानं तो सगळा २६ टक्के हिस्सा घ्यायचं ठरलं, दोन्ही कंपन्या मिळून साधारण २४,१८० कोटींना. म्हणून नाव बदललं.

आता नीट बघा, हे २४ हजार कोटी बजाजच्या मालकांच्या खिशातून अलियान्झला द्यायचे ठरले. बाबांच्या हप्त्याचे पैसे यात कुठंच नाहीत. पॉलिसीधारकांचा फंड वेगळा ठेवावा लागतो आणि विमा कायद्यानुसार तो भारताबाहेर गुंतवताच येत नाही. वर प्रत्येक कंपनीला सॉल्व्हन्सी कमीत कमी १५० टक्के ठेवावी लागते, म्हणजे सगळं देणं बाजूला काढून वर जेवढी जादा रक्कम हाताशी असावी लागते तिच्या दीडपट. आकडा कंपनीच्या वेबसाईटवर पब्लिक डिस्क्लोजरमध्ये असतो, कुणीही बघू शकतं.

बालाघाट (अंबाजोगाई)
गोदाकाठ सरांनी छान लिहिलंय, पण इतिहास सांगायलात तर तो पूर्ण सांगा. याच अलियान्झचे प्रमुख कुर्ट श्मिट १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारात आर्थिक व्यवहारांचे मंत्री झाले होते. छळछावण्यांतल्या कारखान्यांचा विमा या कंपनीनं केला, आणि ज्यूंच्या लाईफ पॉलिसींचे पैसे वारसांऐवजी नाझी सरकारकडं गेले. वारसांना ते मागायला पन्नास वर्षं लागली, १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग बसला तेव्हा कुठं रस्ता निघाला. अगदी अलीकडं २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या फंड कंपनीनं गुंतवणूकदारांना फसवल्याचं कबूल केलं आणि सहा अब्ज डॉलरच्या वर भरपाई अन् दंड बसला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडं अजूनही "फॉरेनची कंपनी आहे" एवढ्यावर माणसं डोळे झाकून सह्या करतात.

अन् ताई म्हणून एक सांगते. पॉलिसी मोडली तर विमा कायद्यातल्या कलम ४५ चं संरक्षण जातं. तीन वर्षं पूर्ण झालेल्या लाईफ पॉलिसीवर कंपनीला "तुम्ही आजार लपवला" वगैरे म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक केली असं म्हणूनसुद्धा नाही. नवीन काढली की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आणि बाबांचं वय वाढलेलं, हप्ता जास्त, शुगर-बीपी निघालं तर अजून जास्त. एजंटाला मात्र पहिल्या वर्षाचं कमिशन सगळ्यात मोठं मिळतं.

मांजराकाठ (लातूर)
ताई, कलम ४५ चं कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच खूप आभार. अजून एक, मग अलियान्झ भारतातून पूर्ण गेली का? आणि पीकविम्यात या बाहेरच्या कंपन्यांचा काय संबंध असतो, सोयाबीन पाण्यात गेलं की सगळे कंपनीच्या नावानं ओरडायलेत म्हणून विचारतोय.

गोदाकाठ (नांदेड)
गेली नाही. जुलै २०२५ मध्येच जिओ फायनान्शियलसोबत निम्मा-निम्मा करार केला, पुनर्विम्याची, म्हणजे विमा कंपन्यांना विमा देणारी कंपनी काढायला.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पुनर्विम्यातच आहे. गाडीचा अपघात एकट्याचा होतो, पण २०२५ च्या सप्टेंबरसारखा पाऊस पडला की धाराशिव, बीड, लातूर सगळीकडचं सोयाबीन एकदमच जातं, अख्ख्या मंडळाचे क्लेम एकाच वेळी येतात. एका कंपनीला ते झेपणं अवघड, म्हणून ती मिळालेल्या प्रीमियममधला मोठा भाग पुढं देऊन जोखीम वाटून टाकते. प्रत्येक जनरल पॉलिसीतला ठरावीक हिस्सा, २०२५-२६ ला ४ टक्के, सरकारी पुनर्विमा कंपनी जीआयसी री ला द्यावाच लागतो, त्यापलीकडं जे वाटायचं ते जीआयसी री, म्युनिक री, स्विस री अशा पुनर्विमा कंपन्यांकडं जातं. पण शेतकऱ्याशी करार इथल्या कंपनीचाच असतो. पुनर्विमावाल्यानं दिले नाहीत म्हणून ती तुमचा क्लेम थांबवू शकत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

बालाघाट (अंबाजोगाई)
लाईफ पॉलिसीत कंपनीनं अडवलंच तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्या मराठवाड्याचं काम पुण्याच्या ऑफिसकडं आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. आणि बाबांचा बाँड काढलाच आहे तर नॉमिनीचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळतं का ते आजच बघा, आपल्याकडं आईचं नाव एकीकडं माहेरचं अन् दुसरीकडं सासरचं असतं, आणि क्लेमच्या वेळी सगळ्यात जास्त चकरा त्याच्यासाठीच माराव्या लागतात.