बोटीवरील लहान आगीचा अनुभव कोणाला आहे का?

प्रश्न
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचा लाकडी ट्रॉलर आहे. गेल्या महिन्यात मासेमारी चालू असताना गळक्या पाइपातील डिझेलने भिजलेले एक्झॉस्टवरील (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीवरील) वेष्टण पेटले. एका खलाशाने घाईने बादलीभर पाणी ओतले, तेव्हा जळते डिझेल इंजिनाखाली साचलेल्या पाण्यावर तरंगत पसरले. तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) इंजिन बंद करून ओली गोणपाटे टाकली, म्हणून निभावले. पावडरचा अग्निशामक सिलिंडर इंजिनाच्या खोलीतच, म्हणजे नेमका धुराच्या पलीकडे टांगलेला होता. अशा वेळी आपण काय केलेत?

उत्तर १
मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. तेल प्यायलेले वेष्टण म्हणजे समईची वातच. ते पुसून भागत नाही, काढून नवेच गुंडाळावे लागते. मोठ्या जहाजांवर 220 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू शकणारा आणि गळके इंधन जिथे उडू शकते असा भाग झाकण्याचा, तसेच उच्च दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी घालण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण सुईएवढ्या छिद्रातून उडणारा डिझेलचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर ठिणगीवाचूनही पेटतो. आमच्या जनरेटरवर तसे झाले, तेव्हा प्रथम बाहेरचा झडप-दांडा ओढून इंधन तोडले आणि पंखे बंद केले. मग उरलेली आग एका सिलिंडरने विझली. आपल्या टाकीची झडप खोलीबाहेरून बंद करता येते का, हे आधी पाहावे.

उत्तर २
आमच्या बोटीवर धोका शेगडीचा होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; घरात तो दाराखालून निघून जाऊ शकतो, बोटीत मात्र तळाशीच साचतो. पहाटे चहा ठेवायला गेलेल्या पोराला वास आला आणि त्याने काडी ओढली नाही, हे आमचे नशीब. बॅटरीच्या बटणालाही हात न लावता आम्ही सर्व झाकणे उघडली आणि तासभर ताडपत्रीने वारा घातला. दोष रबरी नळीचा निघाला. क्लिपखाली ती चिरली होती.
आणखी एक: इंजिनाच्या थरथरीने सिलिंडरमधील पावडर खाली दबून घट्ट होते. दर महिन्याला तो उलटा करून हलवावा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. झडप आतच आहे. तिला बाहेरून ओढता येईल अशी तार बसवायला मिस्त्रीला सांगितले आहे. सिलिंडर केबिनच्या दाराबाहेर आणला. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, परंतु उलटा करून कान लावला तर आतली पावडर मुळीच सरकली नाही.