नक्षीदार अक्षरे आधी शिकवावीत की साधी?

बोरू (मूळ लेखन)

मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. अक्षररचना शिकवताना आमच्याकडून पहिले सत्रभर एकाच जाडीच्या, अलंकार नसलेल्या अक्षरांचा सराव करून घेतला जातो आणि नक्षीकाम हा फावल्या वेळचा छंद समजला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. साध्या अक्षरातले निर्णय इतके सूक्ष्म असतात की नवशिक्याच्या नजरेला ते दिसतच नाहीत. नक्षीदार अक्षरात मात्र जाडी कुठे वाढवायची, रेघ कुठे संपवायची, पोकळी किती भरायची हे सगळे उघड्यावर येते.

सध्या मी वेलबुट्टीचा एक देवनागरी संच रेखाटते आहे. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, आणि त्या फटीत पान किंवा कळी बसवली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो. ती एवढीशी फट किती काम करते, हे वेल तिच्यात शिरू लागल्यावरच कळते. साध्या अक्षरांच्या सरावात तिच्याकडे लक्ष जायचे काही कारणच नसते.

इतिहासही नक्षीला दुय्यम मानत नाही. इ. स. 800च्या सुमारास तयार झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’ या सजवलेल्या ख्रिस्ती हस्तलिखितामध्ये ख्रिस्ताच्या नावातील तीन ग्रीक अक्षरांनी जवळपास अख्खे पान व्यापले आहे. इंग्लिश कलाकार विल्यम मॉरिसने 1891 मध्ये केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू केले, तेव्हा आद्याक्षर, किनार आणि मजकूर ही त्याच्यासाठी एकच रचना होती. अलंकाराचा तिटकारा नंतरचा. जर्मन अक्षररचनाकार यान चिकोल्डने 1928 मध्ये बिनसेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना पाय नसलेले अक्षर हेच आधुनिक काळाचे अक्षर असल्याचे ठासून मांडले खरे, पण पुढे तोच त्या कडकपणापासून दूर गेला. प्रणेताच जिथे टिकला नाही, ती शिस्त आमच्या पहिल्या सत्रावर कशासाठी?

खिळा

पुस्तकांची पाने लावण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आणि आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. चिकोल्ड बदलला हे खरे, पण तो वेलबुट्टीकडे वळला नाही. 1947 ते 1949 या काळात पेंग्विन या प्रकाशनसंस्थेसाठी त्याने घालून दिलेले नियम मोठ्या रोमन अक्षरांमधले अंतर, पानाच्या कडेचे समास, विरामचिन्हे अशा गोष्टींचे आहेत, म्हणजे ज्या सूक्ष्म निर्णयांना आपण ‘न दिसणारे’ म्हणता, नेमके त्यांचेच. मुद्रणकलेवर लिहिणाऱ्या बिआट्रिस वॉर्ड यांनी 1930च्या व्याख्यानात छापील अक्षराला पारदर्शक काचेच्या पेल्याची उपमा दिली होती, तिचा रोखही याच दिशेने होता.

मॉरिसचे उदाहरण तर देवनागरीला जसेच्या तसे लागूच होत नाही. रोमन आद्याक्षर सुटे उभे राहू शकते. आपल्याकडे मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही आणि शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. परिच्छेद ‘किती’ या शब्दाने सुरू होत असेल, तर आपण नक्षी नुसत्या ‘क’वर करणार की आधी येणाऱ्या वेलांटीसह ‘कि’वर? आणि उरलेल्या ‘ती’ची शिरोरेषा त्या चौकटीला जोडणार की तोडणार? शिवाय ‘शृंगार’सारख्या शब्दात वर अनुस्वार आणि खाली ऋकार असतो, त्यामुळे वेलीला वरच्या मजल्यावर जागा नाही आणि खालच्याही नाही. एकेक अक्षर सुंदर रेखाटणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा शब्द मात्र वाचवत नाही.

टाक

आपण दोघेही नक्षी म्हणजे अक्षरावर वरून चढवलेली गोष्ट असे धरून चालला आहात. छपाईची अक्षरे घडवणाऱ्या इंग्लंडमधल्या व्हिन्सेंट फिगिन्सने 1815च्या सुमारास छापलेल्या जाड चौकोनी पायांच्या अक्षरांवर एकही पान किंवा फूल नाही, तरी ती मजकुराची नव्हेत, मिरवण्याचीच अक्षरे आहेत. तिथे प्रमाणे ताणणे हाच अलंकार आहे. 1827 मध्ये अमेरिकेत डॅरियस वेल्सने लाकडी खिळे (छपाईची सुटी अक्षरे) यंत्राने कापून मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि भित्तिपत्रकांवर अशा अक्षरांचे पीक आले, कारण ती लांबून दिसायला हवी होती.

माझ्या मते खरी गल्लत अक्षरांकन (एखाद्या शब्दासाठी खास रेखाटलेली अक्षरे) आणि टाइपफेस (कुठल्याही शब्दासाठी वापरता येणारा अक्षरसंच) यांच्यात होते. अमेरिकन डिझाइनर हर्ब लुबालिनने ‘अवांगार्द’ या नियतकालिकाच्या नावासाठी एकमेकांत घुसणारी अक्षरे रेखाटली. 1970 मध्ये त्यांचा टाइपफेस झाला, त्यात जोडअक्षरांचा, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या रोमन अक्षरांचा, मोठा साठा दिला गेला आणि ती जोडअक्षरे लोकांनी भलत्याच शब्दांत कोंबली. एका शब्दासाठी केलेला तोडगा सगळ्या शब्दांना पुरत नाही. विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगितला, तर आधी काय शिकवायचे या वादातली अर्धी हवा निघून जाईल.

शाईपुसणे

यात गुणांचा मुद्दा कोणीच काढला नाही. प्रदर्शनाच्या भिंतीवर नक्षीदार तक्ता उठून दिसतो आणि परिच्छेदाची नेटकी मांडणी कोणी थांबून वाचत नाही. नक्षी आधी आणली, तर पहिल्या सत्रापासूनच विद्यार्थी भिंतीसाठी काम करू लागतील.

बोरू

भिंतीचा मुद्दा मूल्यमापनाचा आहे. त्याची शिक्षा नक्षीला नको. ‘किती’चा आक्षेप मात्र मला फार आवडला, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. आद्याक्षर सजवायचे ठरवल्याखेरीज वेलांटीचे काय करायचे हा प्रश्नच उभा राहिला नसता. आता मी वेल अक्षराच्या बाहेर फिरवत नाही. जाड रेघेच्या पोटातून एक पांढरी रेघ काढून तिला पाने फोडते. त्यामुळे पोकळ्या मोकळ्या राहतात, ‘भ’ची फट शाबूत राहते आणि वर-खालच्या मात्रांना जागा मिळते. हा संच मोठ्या शीर्षकांपुरताच आहे, हे मला मान्य आहे.

खिळा

रेघेच्या पोटात नक्षी घेण्याचा मार्ग चांगला आहे, पण त्यासाठी रेघ सर्वत्र पुरेशी जाड हवी. ‘क’ आणि ‘ग’मध्ये ती तशी मिळेल. ‘क्ष’च्या गाठीत किंवा ‘द्ध’च्या खालच्या भागात रेघा इतक्या जवळ येतात की तिथे जाडी कमी करावीच लागते, आणि मग पांढऱ्या रेघेला जागा उरत नाही. जाडी कुठे, किती आणि कोणत्या वळणावर उतरवायची याचे उत्तर नक्षीत सापडणार नाही. त्यासाठी सांगाडाच काढावा लागेल. आपल्या संचातली ‘क्ष’, ‘द्ध’ आणि ‘ह्य’ ही तीन जोडाक्षरे नक्षी न करता, त्याच जाडीत, एका ओळीत रेखाटून इथे टाका. ती एका घरातली दिसली, तर पहिल्या सत्राच्या क्रमाविषयी मी पुन्हा बोलायला तयार आहे.