‘लाइन’ या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे शिकवावेत?

अमळनेरकर : माझी पुतणी आठवीत आहे. शब्दकोशात ‘लाइन’चे रेघ, रांग, कवितेची ओळ, नटाचे वाक्य, मासेमारीची दोरी, धंदा असे अर्थ पाहून ती गोंधळली आहे. हे सगळे पाठ न करता तिला कसे समजावून सांगावे?

निवृत्त शिक्षक, भुसावळ : दादा, मुळापासून सुरुवात करावी. लॅटिनमध्ये ‘लिनिया’ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी, आणि ‘लिनन’ या कापडाचे नावही त्याच कुळातले आहे. ताणलेली दोरी डोळ्यांसमोर आणली, की रेघ, रांग आणि मासेमारीची दोरी हे अर्थ लगेच जुळतात. पुढे कागदावरची शब्दांची रांग म्हणजे कवितेची ओळ, आणि नटाने पाठ करायची ओळ म्हणजे त्याचे वाक्य. धंद्याचा अर्थ रेघेच्या दिशेवरून समजावता येईल.

केळी उत्पादक, रावेर : काका, उत्तम. आपल्याकडचे उपयोगही तिला दाखवावेत. जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे जाते ती सुरत लाइन. रात्री ‘लाइन आली’ अशी हाक ऐकून आम्ही बॅटरी घेऊन पंप सुरू करायला निघतो, कारण वीज आलेली असते. इंग्रजीत मात्र इथे ‘पॉवर’ म्हणतात. परीक्षेत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

भाषांतरकार, धुळे : अर्थ सुटा न शिकवता वाक्यातून शिकवावा, असे मला मनापासून वाटते. ‘होल्ड द लाइन’ म्हणजे दोरी धरणे नव्हे, तर दूरध्वनीवर थांबणे. सैन्याच्या संदर्भात त्याच शब्दांचा अर्थ आघाडी टिकवणे असा होतो.