हाताने घडवलेली पायताणं: तुमचा अनुभव सांगा

मंडळी, जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरी धाटणीच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, मग टीका झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. आपल्याकडे चर्चा खूप झाली, पण चपला घडवणारे आणि रोज वापरणारे तीत फारसे दिसले नाहीत. म्हणून विचारते आहे. कोल्हापुरी, जुत्ती, परदेशातलं काही, हाताने घडवलेलं कुठलंही पायताण चालेल. कुठे घेतलंत, पायाला कसं बसलं, दुरुस्त कोणी केलं?

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे कानवाली कापशी, म्हणजे बाजूंना कानासारखे चामड्याचे तुकडे असलेला कोल्हापुरीचाच एक प्रकार. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, तळाला खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली. नवी असताना अंगठ्याला चावते, हे खरंच आहे. रात्री पट्ट्याला आतून खोबरेल लावायचं, सुरुवातीला घरातल्या घरात घालायची. एकदा पायाचा आकार घेतला की मग दुसरं काही घालावंसं वाटत नाही. भिजली तर सावलीतच वाळवा, उन्हात टाकलीत की तडकलीच.

---

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातलं अथणी. 'कोल्हापुरी आणि कर्नाटकात कशी?' असं सासरी अजून विचारतात. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना, बेळगाव त्यात आहे. आमच्या गल्लीत कातडं कापायचं काम पुरुषांचं, वेण्या घालायचं बायकांचं. बारीक वेणीने डोळे आणि बोटं दोन्ही शिणतात. दुकानात घासाघीस करणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून ते काम बघावं, एवढंच मागणं आहे.

---

मी क्योतोत राहतो. इथे गेता, म्हणजे लाकडी पायताणं, घेतली. पारंपरिक दुकानात आधी लाकडी तळ निवडायचा, मग दोरी. दुकानदार पाय बघून ती तिथेच ओवून, ताणून देतो. डावं-उजवं नसतं, त्यामुळे झीज सारखी व्हावी म्हणून अदलाबदल करता येते. टाच थोडी मागे बाहेर राहते, ती तशीच राहायची असते. मोठी मागू नका.

---

खरेदीला जाणाऱ्यांसाठी: चप्पल उलटी करून तळ बघा. वादीची शिवण दिसली पाहिजे. नुसता डिंक आणि मशीनचा दोरा असेल तर कोल्हापुरीचा भाव देऊ नका.

---

2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामडं मिळणं अवघड झालं, असं आमच्या ओळखीचे कारागीर सांगतात. तळाला म्हशीचं लागतं, तेही महागलं. मुलं या धंद्यात नाहीत. त्यांना दोष कसा देणार?

---

वडिलांच्या चपलेची वेणी तुटली आहे, तळ अजून धडधाकट आहे. पुण्यात चामड्याचीच वेणी बसवून देणारं कोणी आहे का? दोन ठिकाणी रेक्झिनची पट्टी लावतो म्हणाले, ती नको आहे.